ॲक्सिस पुन्हा पुन्हा सरकतोय? झिरो मारायच्या आधी फरक मोजा

कोल्हापुरात शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या नाहीतर कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी घ्या, ॲब्सोल्यूट एन्कोडरच्या (चालू होताच ॲक्सिसची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या) मशीनवर पोझिशन चुकली की शेडमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "झिरो मारून घे आणि चालू कर." शिफ्टचं टार्गेट डोक्यावर असतं, कास्टिंगची गाडी दारात उभी असते, त्यामुळे ते वाक्य समजण्यासारखं आहे. मशीन चालूही होतं. आठ-पंधरा दिवसांनी तोच ॲक्सिस पुन्हा सरकलेला सापडतो. पुन्हा झिरो. मग कुणीतरी म्हणतं एन्कोडर गेलाय, नवा मागवला जातो, बसवला जातो, आणि महिन्याभरात तोच ॲक्सिस, तीच चूक.

नवा झिरो घेतला, म्हणजे शून्याची जागा नव्यानं ठरवली, की ॲक्सिस किती सरकला होता हे कायमचं पुसलं जातं, आणि बिघाड ओळखायला त्या आकड्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नसते. म्हणून या लेखातलं काहीच जमलं नाही तरी एवढं करा: झिरो घ्यायच्या आधी डायल गेज लावा, फरक मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजा, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. त्याला दहा मिनिटं लागतात. अशा तीन-चार नोंदी झाल्या की बिघाड कुठल्या घरचा आहे ते बहुतेक वेळा मशीन न उघडताच कळतं.

मोजायचं कसं? बेडवर किंवा फिक्श्चरवर एक पक्की, ग्राइंड केलेली जागा ठरवा. तिथं ॲक्सिस हळू नेऊन डायल शून्यावर येतो अशी पोझिशन मशीन चांगलं असतानाच लिहून ठेवा. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल असेल तर उत्तम, नसेल तर बोअरमधली एखादी पिन चालते. जागा दर वेळी तीच हवी आणि दिशाही तीच हवी. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून गेलात तर बॅकलॅश (स्क्रू-नटमधला मोकळा खेळ) मोजाल, एन्कोडरची चूक नाही.

फरक बरोबर एका फेऱ्याइतका असेल तर

मोटर बॉलस्क्रूला थेट जोडलेली आहे, पिच (एका फेऱ्यातली सरक) १० मिमी आहे आणि ॲक्सिस १०.०० किंवा २०.०० मिमीनं सरकलाय. १६ पिचच्या स्क्रूवर हाच फरक १६ किंवा ३२ दिसेल. असा आकडा आला की कपलिंग, टेम्परेचर, गिब, बेअरिंग यांच्या वाटेला जाऊच नका. फेऱ्याच्या आतलं मोजमाप बरोबर आहे, फेऱ्यांची मोजणी चुकली आहे.

इथं एक मशीन सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे रेट्रोफिट केलेल्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या स्पेशल पर्पज मशीनवर) हा प्रकार फार दिसतो. पंप बॉडीचे बोअर करणारं जुनं एसपीएम. उभ्या ॲक्सिसला सर्व्हो बसवलेला, स्क्रूच्या टोकाला १३ बिटचा सिंगल टर्न एन्कोडर, आणि फेरे मोजायचं काम पीएलसीकडे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे). सिंगल टर्न एन्कोडर एका फेऱ्यातली जागा नेमकी सांगतो, पण तो फेरा कितवा हे त्याला माहीत नसतं. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं फेऱ्यांचा आकडा पीएलसीच्या रिटेन्टिव्ह, म्हणजे पॉवर गेली तरी टिकणाऱ्या, मेमरीत ठेवला होता.

"सायेब, सकाळी चालू केलं की खाली सरकलेला असतोय," ऑपरेटर म्हणाला.

"रोज?"

"रोज न्हाई. कधी आठवडाभर काय न्हाई, कधी लागोपाठ दोन दिवस."

"किती सरकतो?"

"ते काय मोजलं न्हाई. झिरो मारतोय आन् चालू करतोय."

पुढच्या वेळी झिरो न मारता थांबायला सांगितलं. डायल आणि स्लिप गेज लावून फरक आला बरोबर १०.०० मिमी. स्क्रूची पिच १० मिमी. मग पीएलसीला लॅपटॉप जोडून, संध्याकाळी पॉवर बंद करतानाची एन्कोडरची कच्ची व्हॅल्यू आणि चालू केल्यावरची कच्ची व्हॅल्यू शेजारी शेजारी लिहून घेतल्या. बंद करताना ३. चालू केल्यावर ८१८८.

१३ बिट म्हणजे एका फेऱ्यात ८१९२ काउंट. १० मिमी भागिले ८१९२, म्हणजे एक काउंट साधारण १.२ मायक्रॉनचा. पॉवर गेली, ब्रेक बसला, आणि बसता बसता उभा ॲक्सिस सात काउंट, म्हणजे जेमतेम ८-९ मायक्रॉन खाली बसला. एवढं बसणं कुठल्याही चांगल्या ब्रेकला माफ आहे. पण ३ वरून सात काउंट मागे गेलं की शून्य ओलांडून मागच्या फेऱ्यातल्या ८१८८ वर जातं. पीएलसी तेव्हा झोपलेला होता. सकाळी उठून त्यानं फेऱ्यांचा जुना आकडा घेतला, त्याला ८१८८ जोडले, आणि ॲक्सिस आहे त्यापेक्षा एक पिच वर आहे असं धरून चालला. नेऊन बसवला १० मिमी खाली. ज्या दिवशी पार्किंग शून्याच्या जरा लांब झालं त्या दिवशी काहीच झालं नाही. रोज न होण्याचं कारण हेच.

इथं एन्कोडर बदलून काय होणार होतं? काहीच नाही. उपाय प्रोग्रॅममध्ये होता: पॉवर बंद व्हायच्या आधीची कच्ची व्हॅल्यूही जपून ठेवायची, चालू झाल्यावर नव्या व्हॅल्यूशी ताडून बघायची, फरक अर्ध्या फेऱ्यापेक्षा, म्हणजे ४०९६ पेक्षा जास्त निघाला तर फेऱ्यांच्या आकड्यात एकाची वजाबाकी किंवा बेरीज करायची. पॉवर बंद असताना ॲक्सिस अर्ध्या फेऱ्याहून जास्त हलणार नाही याची खात्री असेल तरच हे चालतं. हातानं स्क्रू फिरवायची सवय असलेल्या शेडमध्ये ती खात्री देता येत नाही. तिथं मल्टिटर्न, म्हणजे फेरेही स्वतः मोजणारा, एन्कोडर टाकणं हाच खरा इलाज. तोवर निदान ऑफसेट बदलून पार्किंगची जागा फेऱ्याच्या मध्यावर, ४०९६ च्या आसपास आणा. कपलिंग ढिलं करून अर्धा फेरा फिरवून बसवलं तरी तेच साधतं, मात्र त्यानंतर झिरो नव्यानं घ्यावा लागेल.

बॅटरी

मल्टिटर्न एन्कोडर फेरे दोन पद्धतींनी लक्षात ठेवतो. एक बॅटरीवर, दुसरी बॅटरीशिवाय, म्हणजे आतल्या बारीक गिअरवर किंवा वीगांड वायरच्या पल्सवर. आपल्या सीएनसी आणि सर्व्होंमध्ये बॅटरीवाले अजूनही भरपूर आहेत, त्यामुळे पोझिशन "गेली" अशी तक्रार आली की आधी बॅटरीकडे बघायचं. इथं अलार्म नीट वाचलात तर अर्धं काम होतं. फॅनकवर डीएस०३०७ म्हणजे बॅटरी कमी झाली, अजून पोझिशन आहे, आजच बदला. डीएस०३०६ म्हणजे व्होल्टेज शून्याला गेलं. डीएस०३०० म्हणजे मशीन झिरो मागतंय. डीएस०३०८ कडे फार कमी लोक लक्ष देतात, पण तो महत्त्वाचा आहे: व्होल्टेज आता ठीक असलं तरी मधे कधीतरी, पॉवर बंद असतानाही असेल, खाली जाऊन आलं, असं तो सांगतो. बॅटरी नवी असून हा आला तर बॅटरी बॉक्सची वायर, आतली गंजलेली पट्टी किंवा कनेक्टर तपासा. मित्सुबिशीच्या सर्व्होवर एएल ९एफ ही बॅटरीची वॉर्निंग, एएल ९२ बॅटरीची केबल सुटल्याची वॉर्निंग, आणि एएल २५ म्हणजे पोझिशन पुसली गेली. यास्कावावर ए.८३० बॅटरी कमी, ए.८१० बॅकअप गेला. डेल्टाच्या एएसडीए-ए२ वर एएल०६१ आणि एएल०६० यांची जोडी तशीच.

बॅटरी बदलताना मशीनची पॉवर चालू ठेवायची, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तरी मोडला जातो, कारण पॅनेल उघडलं की हात आपोआप मेन स्विचकडे जातो. पॉवर चालू असताना एन्कोडरला ड्राइव्हमधून सप्लाय असतो, बॅटरी काढली तरी फेरे राहतात. बंद करून काढली तर काही एन्कोडरच्या आतला कपॅसिटर थोडी मिनिटं तग धरतो, काहींमध्ये तीही सोय नसते. पॅनेलमधलं काम जिवंत वायरींच्या शेजारी आहे, म्हणून ते ज्याला अधिकार आणि सराव आहे त्यानंच करावं. शक्यतो इमर्जन्सी दाबून, फक्त कंट्रोल पॉवर ठेवून.

मल्टिमीटरवर बॅटरी ३.६ व्होल्ट दाखवते म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. या लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि संपता संपता एकदम कोसळतं. सेल ९० टक्के संपलेला असला तरी मीटर तुम्हाला ३.६ च दाखवेल. तेव्हा बदल मीटरवर न ठरवता तारखेवर ठरवा. बसवल्याची तारीख बॅटरीवर लिहा, घेताना सेलची उत्पादन तारीख बघा. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला सेल सुरुवातीला लोडवर व्होल्टेज पाडतो, आणि "नवी बॅटरी टाकली तरी वॉर्निंग जात नाही" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा तेच असतं. फॅनकच्या बाहेरच्या बॉक्समध्ये चार मोठे अल्कलाइन सेल असतात, ते वर्षातून एकदा चारही बदलायचे. तीन नवे आणि एक जुना असं कधीच नको.

आपल्याकडे बॅटरीची खरी परीक्षा लांब सुट्टीत होते. गणपती, दिवाळी, आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा ज्या शेडमध्ये थेंबभर पाणी शिरलं नाही त्यांचीही मशीनं बंदच राहिली. रोज वीस तास चालणाऱ्या मशीनची बॅटरी दिवसातले चारच तास राबते. तेच मशीन आठ दिवस बंद राहिलं तर ती अखंड राबते. कडेला आलेली बॅटरी अशाच वेळी जाते. जूनमध्ये, पावसाचा जोर वाढायच्या आधी, सगळ्या बॅटऱ्यांच्या तारखा एकदा बघून घ्याव्यात असं मी आग्रहानं सांगतो.

फरक दोनाच्या पटीत येत असेल तर

मिलिमीटरमध्ये काहीच लक्षात येत नाही, तेव्हा काउंटमध्ये बघा. पीएलसीचा ट्रेंड लावा आणि उडी किती काउंटची ते वाचा. १०२४, ४०९६, ३२७६८, ६५५३६ असे आकडे दिसले की प्रश्न डेटाच्या एका बिटाचा आहे. यांत्रिक बिघाड कधीच दोनाचा घात बघून घसरत नाही.

६५५३६ ची क्षणभराची उडी, लगेच परत जाग्यावर: हा बहुतेक वेळा एन्कोडरचा दोष नसतोच. ३२ बिटची पोझिशन पीएलसी १६-१६ बिटच्या दोन वर्डमध्ये वाचतो. वरचा वर्ड आधी वाचला, मधल्या काळात खालचा वर्ड ६५५३५ वरून ० वर गेला, आणि मग तो वाचला, तर दोन वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे जोडले जातात. वेगात जाताना, नेमकी ती सीमा ओलांडताना, कधीमधी होणार. डबल वर्ड एकसंध वाचणारी सूचना वापरली की ही उडी बंद होते.

एसएसआय (पोझिशन एकामागून एक बिट पाठवणारा) एन्कोडर नवा बसवला आणि व्हॅल्यू वेड्यासारखी पुढे-मागे होते, तर ग्रे कोड आणि बायनरीची गल्लत तपासा. ग्रे कोडमध्ये एका पावलाला एकच बिट बदलतो, म्हणूनच तो एन्कोडरसाठी निवडला गेला. पण कार्ड तो बायनरी समजून वाचत असेल तर शाफ्ट एकाच दिशेनं फिरवताना आकडे ०, १, ३, २, ६, ७, ५, ४ असे येतात. हातानं शाफ्ट सावकाश फिरवून पहिले आठ आकडे लिहा, हीच मालिका दिसली तर सेटिंग बदला आणि पुढे चला. व्हॅल्यू नेमकी निम्मी किंवा दुप्पट येत असेल तर बिटांची संख्या चुकली आहे, २५ च्या जागी २४ किंवा उलट.

आणि उडी नेहमी ट्रॅव्हलच्या एकाच जागी येत असेल तर केबल चेन उघडा. मोल्डिंग लाइनच्या ट्रॉलीवर, पोअरिंगच्या गाडीवर, गँट्रीवर हे हमखास. चेन ज्या वळणावर वाकते तिथं आतली तार तुटलेली असते, सरळ असताना टेकून राहते, वाकली की सुटते. मीटरनं कंटिन्युइटी बघताना केबल त्याच वळणावर वाकवून धरा, टेबलावर सरळ ठेवून बघितलीत तर ती चांगलीच दिसणार.

फरक कुठल्याच हिशेबात बसत नसेल तर

०.३३, मग ०.६७, मग पुन्हा ०.३३. मोटर आणि स्क्रूमध्ये टायमिंग बेल्ट आहे का बघा. ३० दातांच्या पुली, एकास एक, पिच १० मिमी, तर एक दात म्हणजे १० भागिले ३०, बरोबर ०.३३३ मिमी. फरक या पटीत येत असेल तर बेल्ट दात सोडतोय. ताण आणि दातांची झीज बघा.

०.१२, ०.३१, ०.०७, कशाचा कशाला मेळ नाही, पण सरकतो एकाच दिशेला आणि टूल धडकलं किंवा जड कट घेतला की जास्त: कपलिंग घसरतंय. मोटरवरचा एन्कोडर मोटरचा शाफ्ट कुठे आहे हे खरं सांगतो. टेबल कुठे आहे याचं उत्तर त्याच्याकडे नसतंच. त्यामुळे कंट्रोलवर एकही अलार्म येणार नाही आणि जॉब मात्र बाद होत राहतील. शाफ्ट आणि कपलिंगच्या हबवर मिळून पेंट मार्करनं एक सरळ रेघ मारा, दोन्ही बाजूंना. पुढच्या तक्रारीला रेघ तुटलेली दिसली की शोध संपला. स्क्रू आवळायचे ते टॉर्क रेंचनं. एलन कीला पाइप लावून आवळलेलं क्लॅम्प कपलिंग हबलाच चीर पाडतं, आणि चिरलेला हब पुन्हा घसरतो.

सकाळी एक, दुपारी एक, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यासारखं. हे उष्णतेचं. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ८०० मिमीचा स्क्रू आठ अंशांनी तापला तर ७० मायक्रॉनच्या वर फरक पडतो. मार्चच्या पहाटेचं आणि दुपारी तीनचं पत्र्याखालचं तापमान आठवा. रॅपिड हालचालींनी नट आणि स्क्रू तापतात ते वेगळंच. यात एन्कोडर निर्दोष आहे. मशीन गरम करून घेणं, किंवा टेबलाला थेट लिनियर स्केल लावणं, हे त्याचे उपाय.

नॉइज, अर्थिंग आणि पाच व्होल्ट

नॉइजचा, म्हणजे तारांमध्ये शिरणाऱ्या विजेच्या गडबडीचा, त्रास अनेकदा वेळेवरून पकडता येतो. कम्युनिकेशनचे अलार्म फक्त इंडक्शन भट्टी चालू असताना येतात का? शेजारचा मोठा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू होताना? क्रेन हलताना? वहीत वेळ लिहिलेली असेल तर भट्टीच्या लॉगशीटशी ताडून बघा. एनडॅट आणि बिससारख्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक निरोपाबरोबर सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) येतो, त्यामुळे बिघडलेला आकडा सहसा पकडला जाऊन अलार्म येतो. साध्या एसएसआयमध्ये अशी तपासणी मुळात नसते, तिथं चुकीचा आकडा गुपचूप आत येऊ शकतो.

शील्ड ड्राइव्हच्या बाजूला क्लॅम्पखाली गोल, पूर्ण दाबली गेलेली हवी. शील्ड पिळून तिची लांब शेपटी करून टर्मिनलला बांधलेली पॅनेलं मी सगळीकडे बघतो. उच्च फ्रिक्वेन्सीच्या नॉइजला ती शेपटी जवळपास निरुपयोगी आहे. एन्कोडरची केबल मोटरच्या पॉवर केबलपासून निदान वीतभर लांब न्या, ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. मशीनवर वेल्डिंग करायचं असेल तर रिटर्नचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावा. क्लॅम्प बेडच्या एका टोकाला आणि वेल्डिंग दुसऱ्या टोकाला असं केलं की करंट बेअरिंगमधून, एन्कोडरच्या बॉडीतून वाट काढतो.

लांब केबलवर सप्लाय एन्कोडरच्या टोकाला मोजा, तोही एन्कोडर जोडलेला असताना. हिशेब बघा: ०.१४ चौरस मिमीची तार मीटरला साधारण ०.१२५ ओहम. ३० मीटर केबलला जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ७.५ ओहम. एन्कोडर १५० मिलिॲम्पिअर घेत असेल तर १.१ व्होल्ट वाटेतच संपले. ५ व्होल्टचे ३.९ उरले, आणि सप्लायमध्ये ५ टक्के कमी-जास्त चालणारा एन्कोडर ४.७५ च्या खाली काम करायला बांधील नाही. तो कधी चालेल, कधी पोझिशन सोडेल. सप्लायला जाड तारा घ्या किंवा दोन-दोन तारा जोडीनं वापरा. ड्राइव्हला सेन्सच्या (टोकाचं व्होल्टेज ड्राइव्हला कळवणाऱ्या) तारा जोडायची सोय असेल तर त्या मोकळ्या ठेवू नका.

लांबीचा दुसरा परिणाम एसएसआयच्या क्लॉकवर होतो. सिग्नलला तारेतून जायला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. १०० मीटरला जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद झाला, आणि १ मेगाहर्ट्झ क्लॉकचा पूर्ण एक ठोका तेवढाच असतो. म्हणजे एका ठोक्याचा बिट पुढच्या ठोक्याला पोचतो. क्लॉक १२५ किंवा २५० किलोहर्ट्झवर आणा.

कनेक्टरबद्दल आपल्या गावाला वेगळी काळजी घ्यावी लागते. बीड कोरडं कापताना जी काळी भुकटी उडते तिच्यात ग्राफाइट असतं आणि ग्राफाइट वीज वाहून नेतं. कूलंटच्या तेलात मिसळून ती मोटरच्या कनेक्टरवर लेपासारखी बसते. ओ-रिंग एकदा चेंगरली की लेप पिनांपर्यंत जातो. कनेक्टर उघडला की पिना काळ्या दिसतात का बघा, योग्य क्लीनरनं धुऊन पूर्ण सुकवा, ओ-रिंग नवी टाका, आणि केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोल द्या म्हणजे कूलंट तिथंच टपकेल. मात्र बॅटरीवाल्या एन्कोडरचा कनेक्टर सोडवायच्या आधी झिरो पुन्हा घ्यावा लागेल हे धरूनच चला.

रोटरी टेबल वर्षभर चांगलं चालतं आणि एक दिवस भलतीकडे बघतं

मोटरनं एकाच दिशेला फिरणारं इंडेक्सिंग टेबल, ९० ला १ चा वर्म गिअर, एन्कोडर ४०९६ फेरे मोजणारा. टेबलाच्या ४५ फेऱ्यांना मोटरचे ४०५० फेरे होतात, उरले ४६. एन्कोडरची मोजणी ४०९६ ला संपून शून्यापासून सुरू झाली की टेबल मात्र मोटरच्या ४६ फेऱ्यांइतकं पुढे असतं. मोटरचा एक फेरा म्हणजे टेबलाचे ४ अंश, तेव्हा ४६ चोक १८४ अंश. पॉवर चालू असेपर्यंत कंट्रोल स्वतः हिशेब ठेवतो, म्हणून काही दिसत नाही. पॉवर बंद करून चालू केली की टेबल १८४ अंशांनी चुकलेलं निघतं. फरक १८४ किंवा दुसऱ्या बाजूनं १७६ आला की हेच कारण. यावर उपाय म्हणून एन्कोडरचे फेरे गिअरच्या पटीत संपतील असं सेटिंग करतात. यास्कावात पीएन२०५ मध्ये ही मल्टिटर्न मर्यादा घालता येते, ९० ला १ साठी ८९. एन्कोडर ० ते ८९ मोजून पुन्हा शून्यावर येतो आणि टेबलाच्या एका फेऱ्याशी त्याचा मेळ कायमचा बसतो. टेबलाच्या गिअरचं गुणोत्तर नेमप्लेटवर बघा, अंदाजानं घालू नका.

झिरो घेताना

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आता झिरो घ्यायला हरकत नाही. उभ्या ॲक्सिसखाली आधी लाकडी ठोकळा द्या. पोझिशन गेलेल्या मशीनचं सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये घातलेली हालचालीची हद्द) चुकीच्या जागी असतं, म्हणून रॅपिडचा वेग अगदी खाली ठेवून, हात इमर्जन्सीवर ठेवूनच ॲक्सिस हलवा. फॅनकवर नवा डिटेक्टर बसवला असेल तर मोटर निदान एक फेरा फिरवून पॉवर बंद-चालू करा, मग ठरलेल्या खुणेवर आणून पॅरामीटर १८१५ मधला एपीझेड बिट १ करा. मशीन बनवणाऱ्याच्या पुस्तकातला क्रम मात्र पहिला. मोटरच्या मागचा एन्कोडर खोलून बदलायच्या भानगडीत शेडमध्ये पडू नका. कम्युटेशनचा कोन (एन्कोडर आणि रोटर यांचा मेळ) चुकला तर सर्व्हो ऑन होताच मोटर पळू शकते.

शेवटी डायलच्या त्याच पक्क्या जागेवर या, पॉवर बंद करून रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा डायल वाचा. लगेच बंद-चालू करून घेतलेली तपासणी बॅटरी, ब्रेक आणि थंडगार मशीन यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. सकाळचा आकडा वहीत लिहा, पुढचे आठ दिवस रोज लिहा, आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर पहिल्यांदा तीच पानं वाचून दाखवा.